बुडालेली गाडी कोरडी करून विकतात

मुंबईत जुनी दोन दारी कूपे किंवा टप उघडणारी कन्व्हर्टिबल विकायला काढलेला दलाल दोन गोष्टींची हमी देतो, आरामाची आणि भरवशाची. आरामाबद्दल तो थोडंफार खरं बोलतो. भरवशाबद्दल तो खोटं बोलतो, आणि आपण खोटं बोलतोय हे त्याला पक्कं ठाऊक असतं. माझा राग त्या ठाऊक असण्यावर आहे.

वाहन विम्याचा सर्व्हेअर म्हणून माझं कामाचं सगळं आयुष्य चेपलेल्या, जळालेल्या आणि पाण्यात बुडालेल्या गाड्या तपासण्यात गेलं. 'टोटल लॉस' लिहून मी सही केलेली गाडी दिवाळीनंतर पॉलिश मारून, नवे मॅट टाकून, 'सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल' अशा पाटीखाली उभी राहिलेली मी पाहिली आहे. याला अपवाद म्हणू नका. हा धंदा आहे, आणि त्यात सगळ्यात सहज सापडणारं गिऱ्हाईक म्हणजे पहिल्यांदाच बरा पगार हातात आलेला आपल्याच वस्तीतला तरुण.

मी वडाळ्यात राहतो. इथे हा तरुण रोज दिसतो. भक्ती पार्कचे टॉवर उभे राहिले, २०१३ साली ईस्टर्न फ्रीवे सुरू झाला, जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावा शेव्याला जाणारा अटल सेतू खुला झाला. समुद्रावरून जाणारा जवळपास २२ किलोमीटरचा सरळ रस्ता दाराशी आल्यावर चांगली गाडी चालवावीशी वाटली तर त्यात गैर काय? हौस असणं हा गुन्हा नाही. शिवडीत जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्या जोडायचा कारखाना काढला होता, कुर्ल्यात प्रीमियरच्या फियाट तयार झाल्या. मोटारीचं वेड या भागाला नवं नाही. कर्ज काढून एसयूव्ही घेणाऱ्याला आपण शहाणा म्हणतो आणि तेवढ्याच पैशात आठ वर्षांची जर्मन कन्व्हर्टिबल घ्यायला निघालेल्याला मूर्ख म्हणतो, हेही मला पटत नाही. मूर्ख कोणी नाही. त्याला फसवलं जातंय, आणि फसवणाऱ्याला अडवायची ज्यांची जबाबदारी आहे ते कर गोळा करून गप्प बसले आहेत.

आधी या मुलांना मिळणारा सल्ला कुठून येतो ते पाहू. तो अमेरिकेतून येतो. तिथे मध्यम आकाराची दोन दारी गाडी ही अनेक वर्षं साध्या नोकरदाराची गाडी होती. टोयोटाने कॅमरीच्याच सांगाड्यावर सोलारा नावाची कूपे आणि कन्व्हर्टिबल काढली, ती २००८ पर्यंत चालली. होंडाची अकॉर्ड कूपे २०१७ पर्यंत होती. कुटुंबाच्या चार दारी गाडीचं इंजिन, तोच गिअरबॉक्स, तेच सुटे भाग, फक्त दारं दोन. म्हणून तिथला जाणकार 'जुनी घ्या, आरामात चालवा, त्रास देणार नाही' असं म्हणतो तेव्हा ते खरं असतं. त्यांपैकी एकही गाडी आपल्या शोरूममध्ये कधी आली नाही. आपल्याकडे आल्या त्या ऑडी ए३ कॅब्रिओले, मिनी कूपर कन्व्हर्टिबल, मर्सिडीजच्या एसएलके आणि सी-क्लास कॅब्रिओले, बीएमडब्ल्यू झेड४, ऑडी टीटी, आणि २०१६ पासून फोर्ड मस्टँग. यांतली एकही गाडी वाईट नाही, पण नोकरदाराच्या खिशाचा विचार करून यांतली एकही बनलेली नाही. ऑडी ए३ कॅब्रिओले डिसेंबर २०१४ मध्ये आली तेव्हा तिची किंमत होती ४४ लाख ७५ हजार. दहा वर्षांनी गाडीचा भाव कोसळतो, तिच्या सुट्या भागांचा कोसळत नाही. हे एवढं एक वाक्य दलालाने प्रामाणिकपणे सांगितलं तर निम्मे सौदे तिथेच मोडतील.

आपल्याकडच्या माणसांनीही प्रयत्न केले, हे नोंदवायला हवं. सॅन मोटर्सने १९९८ मध्ये रेनॉच्या १.२ लिटर इंजिनावर स्टॉर्म नावाची छोटी उघडी गाडी काढली. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने इसुझुच्या १.८ लिटर इंजिनावर रोडस्टर बांधला, म्हणजे त्या काळच्या अँबेसडरमध्ये असायचं तेच इंजिन. या गाड्या हातावर मोजण्याइतक्या विकल्या गेल्या, पण त्यांच्या इंजिनाला हात लावायला गल्लीतला मेकॅनिक घाबरत नव्हता.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण भरवसा हा नुसता गाडीत नसतो. मुंबईची पद्मिनी टॅक्सी आठवा. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. ती गाडी काही तंत्रज्ञानाचा चमत्कार नव्हती. गिअर दांड्यावर, एसी नाही, स्टेअरिंग जड. पण लालबागपासून कुर्ल्यापर्यंत प्रत्येक नाक्यावर तिचा कार्ब्युरेटर उघडून देणारा माणूस होता आणि सुटा भाग ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला त्याच दिवशी मिळत होता. पद्मिनीचा भरवसा या शहरातल्या हजारो हातांनी तयार केला होता. कन्व्हर्टिबलच्या टपाचा हायड्रॉलिक पंप बिघडला तर मुंबईत तो उघडून नीट बसवणारे हात किती? आणि भाग परदेशातून यायचा असेल तर गाडी किती दिवस उभी? खरेदीच्या आधी विचारायचे प्रश्न हे आहेत. रंग आणि सनरूफ नंतर.

आता मूळ दुखण्याकडे येतो. ते विम्याच्या गणितात आहे आणि बाहेर फारसं कोणी समजावून सांगत नाही.

विम्यात गाडीची किंमत धरतात ती आयडीव्ही. दरवर्षी ती ठरलेल्या टक्क्यांनी घटते आणि गाडी पाच वर्षांची होते तेव्हा मूळ किमतीच्या निम्म्यावर येते. त्यापुढे कंपनी आणि मालक मिळून आकडा ठरवतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की गाडी टोटल लॉस. साध्या हॅचबॅकला तिथपर्यंत पोचायला मोठा अपघात लागतो. जुन्या कन्व्हर्टिबलला गुडघाभर पाणी पुरतं. समजा चाळीस-पंचेचाळीस लाखांच्या गाडीची आयडीव्ही आता आठ लाख धरली आहे. मर्यादा झाली सहा लाख. सीटखालची कंट्रोल युनिट, सगळी वायरिंग, टपाचा पंप आणि मोटर, गालिचे, सीट, एअरबॅगचे सेन्सर. कंपनीच्या वर्कशॉपचा अंदाज सहा लाख केव्हाच ओलांडतो. सर्व्हेअर टोटल लॉस लिहितो, मालकाला पैसे मिळतात, आणि गाडी 'सॅल्व्हेज' म्हणून लिलावात जाते.

इथपर्यंत सगळं कायदेशीर आहे. पाप इथून पुढे सुरू होतं. लिलावात घेणारा ती भंगारात तोडत नाही. तो ती गॅरेजमध्ये नेतो, सीट काढून उन्हात वाळवतो, कनेक्टर स्प्रेने धुतो, मेलेली युनिट दुसऱ्या मेलेल्या गाडीतून काढून बसवतो, डेंटिंग-पेंटिंग करतो आणि गाडी चालू करतो. चालू होते! सहा महिने, कधी वर्षभर व्यवस्थित चालते. तांब्याच्या तारेला आतून हिरवा गंज चढायला तेवढा वेळ लागतो. तोवर ती तिसऱ्याच माणसाच्या नावावर झालेली असते. मग एका रात्री फ्रीवेवर डॅशबोर्डचे सगळे दिवे पेटतात, स्टेअरिंग जड होतं आणि गाडी मधल्या लेनमध्ये बंद पडते. मागून ट्रेलर येत असतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी जमा करायची. पण टोटल लॉस हा पैशाचा हिशेब आहे. त्याला 'निकामी' म्हणायचं की नाही, या फटीतून अख्खा बाजार आत शिरतो. आरसी जिवंत राहते. जिवंत आरसी असलेलं भंगार म्हणजे चोरांसाठी सोनं. २०२० मध्ये लखनौ पोलिसांनी पकडलेल्या टोळीची पद्धत हीच होती. टोटल लॉस गाड्यांचे कागद मिळवायचे आणि त्यांचे चेसिस नंबर चोरीच्या गाड्यांवर ठोकायचे.

महाराष्ट्रानेही याच जातीचं प्रकरण पाहिलं आहे, आणि तेही नेमकं कूपेचं. डीसी अवंती ही दोन दारी गाडी भारताची पहिली स्पोर्ट्स कार म्हणून गाजवली गेली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई गुन्हे शाखेने त्या गाड्यांच्या व्यवहारात गुन्हा नोंदवून अटक केली. आरोप असा की एकाच इंजिन आणि चेसिस नंबरवर एकापेक्षा जास्त नोंदण्या झाल्या आणि त्यांवर कर्जं उचलली गेली. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवेल. माझा प्रश्न वेगळा आहे. असा आरोप करता यावा इतकी आपली नोंदणी सैल कशी? एक नंबर दोन राज्यांत नोंदवता येतो अशी शंका जरी निर्माण होत असेल, तर साध्या खरेदीदाराने कोणत्या कागदावर विश्वास ठेवायचा?

अमेरिकेत बुडालेल्या किंवा चिरडलेल्या गाडीच्या मालकीपत्रावर तसा शिक्का बसतो आणि तो पुढच्या मालकाला दिसतो. तिथेही लबाडी होते, पण लबाडी करायला शिक्का पुसावा लागतो. जपानमध्ये जुन्या गाडीच्या लिलावात तपासनिसाची गुणपत्रिका गाडीसोबत जाते. आपल्याकडे वाहन पोर्टलवर गाडीचा विमा चालू आहे का, कर्जाचा बोजा आहे का, फिटनेस कधी संपतं, हे दिसतं. ती बुडाली होती का, हे दिसत नाही. माहिती नाही म्हणून दिसत नाही असं कोणी सांगू नये. माझ्यासारख्या प्रत्येक सर्व्हेअरचा अहवाल विमा कंपनीकडे पडून असतो, आणि कंपन्यांची दाव्यांची माहिती इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे जमा होते. गाडीची कुंडली सरकारमान्य कपाटात आहे, आणि पैसे मोजणाऱ्यालाच ती बघायला मिळत नाही.

पाण्याचं थोडं अधिक सांगतो, कारण मुंबईत जुन्या गाडीचा पहिला प्रश्न हाच असायला हवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला अवघा ७३. म्हणजे एकाच शहरातली एक गाडी कोरडी आणि दुसरी छतापर्यंत बुडालेली. 'गाडी मुंबईचीच आहे' या वाक्याला म्हणून काहीच अर्थ नाही. कोणत्या इमारतीच्या कोणत्या तळघरात उभी होती ते विचारा. कन्व्हर्टिबल तर पूर न येताही बुडते. कापडी टपाच्या कडेने पाणी वाहून जायला नळ्या असतात. फाइव्ह गार्डन्सच्या झाडांखाली दोन पावसाळे गाडी उभी राहिली की पाल्याने त्या तुंबतात. पाणी मागे उलटतं आणि डिकीच्या तळाशी साचतं. अनेक गाड्यांत नेमकी तिथेच बॅटरी असते आणि टपाचा पंपही. मालकाला पत्ता नसतो. टप एक दिवस अर्ध्यावर अडकतो, ढग भरून आलेले असतात, आणि मग वर्कशॉपचा आकडा ऐकून तो माणूस गाडी गुपचूप दलालाकडे सोडतो.

शेजारच्या मुलाने मला अशीच एक गाडी दाखवायला नेलं. पांढरी, कापडी टपाची, आतून चॉकलेटी चामडं.

"काका, बावीस हजारच किलोमीटर झालीत. डीलरने दोनशे पॉइंटचा रिपोर्टपण दिलाय."

"अरे, त्या दोनशेत ही कधी बुडाली होती का, असा एक तरी पॉइंट आहे का बघ."

त्याने कागद उलटसुलट केला. नव्हता. मी मागच्या सीटचा पट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढला. विकणारे सगळं धुतात, पण पट्टा गुंडाळीतून पूर्ण बाहेर काढून धुवायचा कंटाळा करतात. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले, डिकीचा तळ उचलल्यावर कोपऱ्यात बारीक गाळ. पुढच्या पट्ट्यांच्या मुळाशी शिवलेल्या लेबलवरची तारीख गाडीच्या वयाशी जुळत नव्हती, म्हणजे पुढचे पट्टे बदललेले. पुढचे पट्टे बदलतात ते बहुधा एअरबॅग उडाल्यावर. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून विझायला हवा, तो पेटलाच नाही. दिव्याची वायरच तोडलेली होती.

"साहेब, आम्ही तर कमिशनवर विकतो, आम्हाला काय माहीत?" असं तो विक्रेता माझ्या तोंडावर म्हणाला. पट्टे बदललेले माहीत नाहीत, दिवा तोडलेला माहीत नाही, पण किलोमीटर बावीस हजार हे मात्र शपथेवर माहीत! मुलाने गाडी घेतली नाही. ती महिन्याभरात विकली गेली. कोणाचा तरी दुसरा मुलगा आज त्या गाडीत बसतो, समोर एअरबॅग आहे या समजुतीत. हे मला सहन होत नाही. याला व्यापारातली चलाखी म्हणायला मी तयार नाही. हा माणसाच्या जिवाशी केलेला खेळ आहे आणि त्याची शिक्षा तशीच असायला हवी.

सरकारला या बाजाराचं वावडं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जैसलमेरला बसून जुन्या गाड्यांवरचा कर सरसकट १८ टक्के केला. नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर तो लागतो. म्हणजे बुडालेली गाडी स्वस्तात घेऊन महाग विकली, तर त्या लबाडीच्या नफ्यातही सरकारचा वाटा आहे. पंधरा वर्षं झाल्यावर इम्पोर्टेड गाडीची नोंदणी वाढवायला ४० हजार आणि वीस वर्षांनंतर ८० हजार फी लागते. फी घेणाऱ्या खात्याने बदल्यात गाडीचा इतिहास एका पानावर द्यावा, ही मागणी जास्त आहे का? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि गाडी ताब्यात आल्याची ऑनलाइन सूचना द्यावी लागते. नियम चांगला आहे. अंमल पाहायचा असेल तर कोणत्याही जुन्या गाड्यांच्या दुकानात जाऊन ते प्रमाणपत्र मागा आणि समोरच्याचा चेहरा बघा. बाजार अजूनही कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वरच्या सह्यांवर चालतो. गाडी तीन हात फिरते आणि आरसीवर पहिलाच मालक राहतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघाताची भरपाई आरसीवर नाव असलेल्यावर येते. तेव्हा विकणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. चेक वटला म्हणजे सुटलो असं समजून कोऱ्या फॉर्मवर सही ठोकू नका.

नंबरप्लेटही नीट वाचा. मुंबईत रोज फिरणाऱ्या महागड्या गाड्यांवर पुदुच्चेरी, झारखंड, दमण इथलं पासिंग का असतं? कारण महाराष्ट्रात इम्पोर्टेड किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला २० टक्के कर आहे. पहिल्या मालकाने तो चुकवला. अशी गाडी स्वस्त दिसते म्हणून घेतली आणि बारा महिन्यांपलीकडे इथे ठेवली, की नवी नोंदणी आणि इथला कर तुमच्या गळ्यात. दिल्लीची गाडी स्वस्त असते, कारण तिथे दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची तलवार २०१५ पासून टांगलेली आहे. वडाळा आरटीओबाहेरचा एजंट 'एनओसी येऊन जाईल' म्हणतो. 'येऊन जाईल' यावर पैसे देऊ नका. एनओसी हातात, बँकेचा बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ हातात, मग टोकन.

आरामाबद्दल दलाल थोडं खरं बोलतो असं मी वर म्हटलं. ते थोडंच आहे. सीट उत्तम असतात, गाडी रस्त्याला चिकटून चालते, हे मान्य. पण कूपेचं दार लांब असतं. चार दारांचं काम दोन दारांना करायचं असतं. वडाळ्यातल्या जुन्या इमारतींच्या आवारात दोन गाड्यांमध्ये हातभर जागा असते, तिथे ते दार अर्धंसुद्धा उघडत नाही. मागे बसायला पुढची सीट दुमडून वाकून शिरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आईला तिथे बसवून दाखवा. टप उघडायचा तर जून ते सप्टेंबर पाऊस, मार्च ते मे ऊन आणि बाराही महिने ट्रक टर्मिनलच्या डंपरचा धूर. उरल्या हिवाळ्यातल्या काही पहाटा. तेवढ्यासाठी गाडी घेणाऱ्याला मी अडवणार नाही, त्या पहाटा सुंदर असतात. पण त्याने तो खर्च हौसेच्या खात्यात लिहावा. घरातली एकमेव गाडी म्हणून, आईवडिलांना केईएमला न्यायला, लेकराला शाळेत सोडायला कन्व्हर्टिबल घेऊ नये. त्यासाठी होंडा सिटी किंवा कोरोला अल्टिससारखी, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची जुनी चार दारी सेडान पाहा. आराम तिच्यात आहे, आणि तिचा मेकॅनिकही वडाळ्यातच आहे.

आणि पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनलेले नसतील. कंपनीकडून लेखी विचारून घ्या, विक्रेत्याच्या तोंडी खात्रीवर जाऊ नका.

माझी मागणी सरळ आहे. विमा कंपनीने टोटल लॉस म्हणून पैसे दिलेल्या प्रत्येक गाडीची नोंद वाहन पोर्टलवर त्याच आठवड्यात दिसली पाहिजे, गाडी पुन्हा रस्त्यावर आली तरी कायम दिसली पाहिजे. १३ मे २०२४ च्या वादळात आमच्या बरकत अली नाक्यावर पार्किंगचा लोखंडी टॉवर रस्त्यावर कोसळला आणि खालच्या गाड्या चेपल्या. त्यांतली एखादी ठोकून ठाकून पुन्हा विकली गेली असेल, तर ते कळायला खरेदीदाराकडे आज कोणता मार्ग आहे? एकही नाही. परिवहन खात्याने आणि विमा नियामकाने एकत्र बसून हा मार्ग काढायचा आहे. माहिती दोघांकडे आहे, यंत्रणा दोघांकडे आहे. नाही ती इच्छा. आणि एअरबॅगचा दिवा तोडून गाडी विकणाऱ्यावर फौजदारी गुन्हा दाखल झाला पाहिजे, त्याची ओळख कितीही वरपर्यंत असो.

हे होईपर्यंत घेणाऱ्याने एवढं करावं. सौद्याच्या पावतीवर चार वाक्यं विक्रेत्याच्या हाताने लिहून घ्या: गाडी पुरात बुडालेली नाही, टोटल लॉस झालेली नाही, एअरबॅग मूळच्या आहेत, दाखवलेले किलोमीटर खरे आहेत. खाली त्याची सही आणि दुकानाचा शिक्का. तो लिहून देत नसेल तर गाडी कितीही आवडली असली तरी उठून या. लिहून दिलं आणि ते खोटं निघालं, तर ती पावती घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. आपल्या भागाचा आयोग परळला आहे, ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार तिथे चालते, आणि ती दाखल करायला कायद्याने दोन वर्षांची मुदत दिली आहे.